जुने गेम नव्या विंडोजवर: मोटर खोलण्याआधी फेज बघा

दिग्रसकडच्या एका भाऊंनी विचारलंय. 2003 साली घेतलेला त्यांचा पेंटियम फोर बंद पडला, हार्ड डिस्क मात्र त्यांनी काढून जपून ठेवली आहे. तिच्यावर डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, रोड रॅश, नीड फॉर स्पीड 2, एज ऑफ एम्पायर्स 2 आणि व्हाइस सिटी आहेत. शिवाय टूम्ब रेडरची एक सीडी. दिवाळीत भाचे येणार, त्यांना हे सगळं खेळायला द्यायचं आहे. घरात विंडोज 11 चा लॅपटॉप आहे. मशीन बंद पडायच्या आधी थोडे गेम पेनड्राइव्हवर घेतले होते, त्यातल्या प्रत्येकावर कम्पॅटिबिलिटी मोड लावून पाहिला. कुठे 'हे ॲप या पीसीवर चालणार नाही' अशी पाटी येते, कुठे गेम उघडतो पण गवत जांभळं दिसतं. शेवटी त्यांनी विचारलंय, "यापेक्षा सरळ विंडोज 98 च टाकून देऊ का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. 98 टाकू नका. तुमच्या लॅपटॉपच्या एसएसडीसाठी, वायफायसाठी, डिस्प्लेसाठी 98 चे ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारे छोटे प्रोग्रॅम, कोणी बनवलेलेच नाहीत. 512 एमबीच्या वर रॅम दिसली की 98 तसंही अडखळतं, आणि तुमच्याकडे निदान 8 जीबी असेल. चांगला चालता लॅपटॉप हातचा जाईल आणि गेम तिथेच राहतील.

आता कम्पॅटिबिलिटी मोडचं. विहिरीवरची मोटर उचलत नसेल तर जाणता माणूस आधी स्टार्टरपाशी जाऊन तिन्ही फेज आहेत का ते बघतो. एक फेज गेलेला असताना मोटर वर काढून वाइंडिंग खोलली तर मजुरी फुकट. जुन्या गेमचं तसंच असतं. फाइल बहुधा धडधाकट असते, तिला लागणारी एखादी गोष्ट नव्या मशीनवर पोचत नसते. ती कोणती हे कळलं की उपाय दहा मिनिटांचा. कम्पॅटिबिलिटी मोड हा त्यातल्या एकाच दुखण्यावरचा इलाज आहे. गेम विचारतो, 'विंडोज कोणतं?' आणि विंडोज 11 त्याला सांगतं, 'मी 98.' सोबत जुन्या विंडोजच्या दोन-चार सवयींची नक्कल करतं. एवढ्याने भागणारे गेम आहेत, पण जी गोष्ट मशीनमध्ये नाहीच ती खोटं बोलून येत नाही.

मी 2004 पासून आठ वर्षं आर्णीला सायबर कॅफे चालवला, आता त्याच जागेत दुरुस्तीचं दुकान आहे. त्या काळात बारा-बारा तासांचं भारनियमन असायचं. लाइट आली की पोट्टे सायकली टाकून रोड रॅशसाठी रांग लावायचे. तेव्हा हे गेम चालवायला काहीच करावं लागत नव्हतं. आता तेच पोट्टे बाप झालेत आणि येऊन विचारतात, "काऊन चालत नाही जी?"

सुरुवात डिस्कपासून करा, कारण ती एकदाच मरते. 2003 ची म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क असणार. ती यूएसबीला जोडायचं ॲडॉप्टर मिळतं, पण वेगळ्या पॉवर प्लगसकट असलेलंच घ्या. या डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून फक्त 5 येतात. डिस्कच्या मागे पिनांवर बसणारी छोटी टोपी, म्हणजे जम्पर, 'मास्टर'च्या जागी ठेवा. आणि एक गोष्ट मी नुकसान करून शिकलो: लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण डिस्कचं ॲडॉप्टर बंद पडतं आणि कॉपी अर्ध्यात तुटते. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर एक-एक फाइल उघडून बघत बसू नका, गेमचे फोल्डर आधी उचला, फोटो असतील तर त्याहून आधी.

फक्त गेमचा फोल्डर उचलून थांबू नका. 2009 मध्ये एका ओळखीच्या मुलाचं मशीन मी फॉरमॅट केलं. डी ड्राइव्हवरचा व्हाइस सिटीचा फोल्डर नीट ठेवला, सी साफ केला. पण व्हाइस सिटी सेव्ह ठेवतो माय डॉक्युमेंट्समध्ये, 'जीटीए व्हाइस सिटी युजर फाइल्स' या फोल्डरात, आणि ते सी वर होतं. पोट्ट्याचा अख्खा उन्हाळा गेला. पुढं कितीतरी दिवस तो दुकानासमोरून जाताना मान वळवून जायचा. तुमच्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' मध्ये जा. परवानगी नाही असं सांगितलं तर 'कंटिन्यू' दाबा, थोडं थांबा, आणि तिथलं सगळं घ्या.

कॉपी करताना व्ह्यू मध्ये जाऊन फाइलनेम एक्स्टेन्शन दिसतील असं करा. त्या काळच्या आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक डिस्कवर 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' नावाचं भूत आहे. चित्र फोल्डरचं, आत व्हायरस. फोल्डर म्हणून डबल क्लिक केलं की लागला. 'ऑटोरन डॉट आयएनएफ' दिसली तरी उडवा.

आता निदान. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा हळू सांगतो. गेमच्या ईएक्सई फाइलची, म्हणजे जिच्यावर डबल क्लिक केलं की गेम सुरू होतो तिची, एक प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. कचरा दिसेल, घाबरू नका. पहिली दोन अक्षरं इंग्रजी एम आणि झेड असतील. मार्क झ्बिकोव्स्की नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या माणसाची ती आद्याक्षरं, आणि विंडोज 11 च्या फाइलीतही अजून तीच आहेत. पुढच्या काही ओळींत एक इंग्रजी वाक्य शोधा. 'हा प्रोग्रॅम डॉस मोडमध्ये चालणार नाही' अशा अर्थाचं वाक्य आणि जवळच पी ई ही अक्षरं असतील तर गेम 32-बिट विंडोजचा, म्हणजे आशा मोठी. 'या प्रोग्रॅमला मायक्रोसॉफ्ट विंडोज लागतं' असं वाक्य आणि एन ई अक्षरं असतील तर तो 16-बिट विंडोजचा, 3.1 च्या जमान्यातला. यातलं काहीच नसेल, किंवा 'डॉस फोर जी डब्ल्यू' असं नाव दिसत असेल, तर तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या सिस्टिमचा गेम. नोटपॅड बंद करताना चुकूनही सेव्ह करू नका, ती फाइल कामातून जाते. प्रत काढायला सांगितलं ते याचसाठी.

तुमच्याकडचे डेव्ह आणि प्रिन्स डॉसचे. तुमच्या 11 सारख्या 64-बिट विंडोजवर यांना कम्पॅटिबिलिटी मोड लावणं म्हणजे फेज नसताना बटण दाबत राहणं. 32-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग होता, तो डॉसच्या प्रोग्रॅमला छोटासा डॉस असल्याचा भास द्यायचा. त्यासाठी प्रोसेसरचा 'व्हर्च्युअल 8086' मोड लागतो, आणि प्रोसेसर 64-बिटमध्ये चालू लागला की हा मोड मिळतच नाही. विंडोज 10 पर्यंत 32-बिट आवृत्ती तरी होती, 11 ची तीही नाही. म्हणून डॉसबॉक्स घ्या. तो प्रोसेसर, साउंड कार्ड, व्हीजीए स्क्रीन सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. डाउनलोड दीड एमबीच्या आसपास, गावातल्या नेटवरही चहा होईस्तोवर उतरतो. मूळ डॉसबॉक्सची 0.74-3 ही आवृत्ती 2019 ची आहे. तिच्यापासून निघालेला डॉसबॉक्स स्टेजिंग जास्त ताजा आहे, पण तुमच्या कामाला दोन्ही चालतील.

आज्ञा पाठ करायच्या नसतील तर डेव्हची ईएक्सई उचलून डॉसबॉक्सच्या शॉर्टकटवर टाका, बस. हातानं करायचं तर माउंट, जागा, सी, जागा, मग फोल्डरचा पत्ता, एंटर, सी आणि कोलन, एंटर, मग गेमचं नाव. (टाइप अर्थातच इंग्रजीत.) माउंटमध्ये अख्खा सी ड्राइव्ह देऊ नका. गेमसाठी वेगळा फोल्डर करून तोच द्या, म्हणजे गेमच्या हातून विंडोजच्या फाइलींना धक्का लागणार नाही.

इथून पुढे वेगाची गंमत सुरू होते. त्या काळचे काही गेम घड्याळ बघत नव्हते, प्रोसेसरला जेवढं पळता येईल तेवढं पळायचे. प्रोसेसर मंद होता म्हणून ते खेळता यायचे. जुन्या डब्यांवर 'टर्बो' बटण होतं आठवतं? ते बंद केलं की मशीन हळू व्हायचं, आणि ते होतंच अशा प्रोग्रॅमसाठी. डॉसबॉक्समध्ये त्या बटणाची जागा 'सायकल्स'नी घेतली आहे. खिडकीच्या वरच्या पट्टीत आकडा दिसतो. साध्या डॉस गेमला तो 3000 पासून सुरू होतो. कंट्रोल-एफ 12 दाबलं की वाढतो, कंट्रोल-एफ 11 ने कमी होतो. लॅपटॉपवर एफच्या बटणांना आवाज आणि ब्राइटनेस चिकटवलेले असतात, त्यामुळे सोबत एफएन पण दाबावं लागेल. मागच्या मे महिन्यात एक काका नातवाला घेऊन दुकानात आले. मी डेव्ह लावून दिला आणि आकडा चुकून फार वर गेला. नातू म्हणतो, "बाप्पा, हा तं लयच पळते!" काकांनी स्वतः एफ 11 दाबत दाबत खाली आणला, आणि एका जागी थांबून म्हणाले, "हा. एवढाच होता." त्यांच्या हाताला तो वेग वीस-बावीस वर्षं लक्षात होता. तुम्हीही आकड्याच्या मागे लागू नका, हाताला पटेल तिथे थांबा.

आणखी दोन गोष्टी. गेमच्या सेटअपने साउंड कार्ड विचारलं तर साउंड ब्लास्टर निवडा, पत्ता 220, आयआरक्यू 7, डीएमए 1. डॉसबॉक्समध्ये हेच आधीपासून बसवलेलं असतं. आणि स्क्रीन चपटी, माणसं ठेंगणी दिसत असतील तर डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या 'कॉन्फ' फाइलमध्ये 'आस्पेक्ट' ट्रू करा. डॉसचं 320 बाय 200 चं चित्र जुन्या 4:3 च्या डब्बा मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं, चित्रकारांनी ते तसंच धरून काढलेलं आहे.

प्रिन्ससाठी मात्र मी डॉसबॉक्ससुद्धा सुचवत नाही. 'एसडीएलपीओपी' नावाची त्याची नवी, मोफत बांधणी आहे. मूळ डॉस गेमचा प्रोग्रॅम उलगडून तो आजच्या विंडोज-लिनक्ससाठी पुन्हा लिहिला आहे. उड्या, पडणं, कड्याला लटकणं सगळं तेच. 'मेगाहिट' हा चीटचा शब्द आठवत असेल तर इथेही चालतं. ओघात सांगतो: 2012 मध्ये प्रिन्सच्या कर्त्याला, जॉर्डन मेकनरला, वडिलांकडून जुन्या फ्लॉप्यांचा खोका मिळाला. त्यात त्याचाच ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवरचा मूळ सोर्स कोड, म्हणजे हातानं लिहिलेला प्रोग्रॅम, होता, आणि जाणकारांना बोलावून त्या फ्लॉप्या वाचून घ्याव्या लागल्या. तुमची डिस्क कपाटात आणखी दहा वर्षं ठेवू नका म्हणतो ते उगाच नाही.

तुमच्या यादीत 16-बिट विंडोजचा गेम नाही, म्हणून एकच ओळ: असे गेम, आणि ज्यांचा गेम 32-बिट पण इन्स्टॉलर 16-बिट आहे असे, 'विनईव्हीडीएम' नावाच्या मोफत साधनाने 64-बिट विंडोजवर बऱ्याचदा चालून जातात.

जांभळ्या गवताकडे येऊ. एज ऑफ एम्पायर्स 2, 1999 चा. तो 256 रंगांत चित्र काढतो. त्याच्याकडे 256 खणांची रंगपेटी असते आणि चित्रात रंग नसून खणाचा नंबर लिहिलेला असतो. विंडोजही मध्येच त्या पेटीत हात घालतं, खण अदलाबदल होतात, हिरव्याच्या खणात जांभळा जातो. विंडोज 7 च्या दिवसांत आम्ही टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करायचो, टास्कबार गायब व्हायचा आणि गवत हिरवं व्हायचं. आता ते करू नका. 'सीएनसी-डीड्रॉ' नावाचं मोफत साधन आहे, त्याच्या फाइली गेमच्या फोल्डरात टाका. गेमला वाटतं तो विंडोजच्या चित्र काढणाऱ्या जुन्या भागाशी, डायरेक्टड्रॉशी, बोलतोय, आणि हे मधल्यामध्ये त्याचं बोलणं आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल असं करून देतं. सोबत विंडोज फीचर्समध्ये जाऊन 'लेगसी कंपोनंट्स'खालचा डायरेक्टप्ले चालू करा. दोघं भाचे नेटवर्कवर खेळणार असतील तर तो लागेलच, आणि नसला तर कधीकधी गेम उघडतानाच अडतो. खटपट नको असेल तर 2019 मध्ये आलेली याची डेफिनिटिव्ह आवृत्ती विकत मिळते. पण जुन्यापेक्षा तिला लॅपटॉप बराच दमदार लागतो आणि डाउनलोड अनेक जीबींचं आहे.

रोड रॅशची 1996 ची पीसी आवृत्तीही विंडोज 95 च्या जमान्यातली. इथे मात्र तुमचा कम्पॅटिबिलिटीचा टॅब कामाचा आहे: 'रिड्यूस्ड कलर मोड' मध्ये 8-बिट, त्याखाली 640 बाय 480, आणि 'फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन' बंद. वरचं विंडोज 95 चं खोटं हे झाल्यावर, गरज पडली तरच लावा. माझ्याकडे येणारी पोरं सगळे चौकोन एकदम टिक करून टाकतात, मग कशाने चाललं आणि कशाने बिघडलं हे देवालाही कळत नाही. एका वेळी एक.

नीड फॉर स्पीड 2 बहुतेक 1997 ची एसई, म्हणजे स्पेशल एडिशन, असेल. फोल्डरात दोन ईएक्सई बघा. नावाच्या शेवटी 'एसईए' असलेली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू या ग्राफिक्स कार्डासाठी, 'एसईएन' वाली साध्या मशीनसाठी. आपण सगळ्यांनी दुसरीच खेळली, कारण तालुक्यात व्हूडू कार्ड कुणाकडे होतं? ती कंपनीही 2000 च्या शेवटी एनव्हिडियाला विकली गेली. पण 'डीजीव्हूडू 2' या साधनातली ग्लाइडची, म्हणजे व्हूडू कार्डाच्या भाषेची, डीएलएल फाइल फोल्डरात टाकली की आज तुमचा लॅपटॉप व्हूडू कार्डाचं सोंग घेतो, आणि गेम आपण कधी पाहिलाच नव्हता असा दिसतो. या मालिकेतले जुने भाग अनेक कोअरच्या प्रोसेसरवर मध्येच बंदही पडतात, कारण त्यांना एकच कोअर ठाऊक. टास्क मॅनेजर, डिटेल्स, राइट क्लिक, सेट ॲफिनिटी, एकच टिक ठेवा.

व्हाइस सिटी यांच्यात सर्वांत तरुण, पीसीवर 2003 चा. चालतो, पण माउस मरतो. 'सायलेंटपॅच' हा दुरुस्तीचा पॅच टाका, माउससकट पुष्कळ दुखणी जातात. आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. तो बंद केला की चित्र मखमली दिसतं, पण गाडी नीट रिव्हर्स घेत नाही. गाडीचं गणित सेकंदाला 30 फ्रेम धरून केलेलं आहे. डेव्हचाच आजार, तेरा वर्षांनी धाकट्या भावाला.

कुठलाही गेम 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये ठेवू नका. व्हिस्टापासून विंडोज तिथे गेमला लिहू देत नाही. गेम सेव्ह करतो तेव्हा त्या फाइली गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात जातात, आणि मग बॅकअप घेताना सापडत नाहीत. सी वर 'गेम्स' असा फोल्डर करा, सगळे तिथे.

कधी मूळ विकतची सीडी हाती लागली आणि ती 'डिस्क घाला' म्हणत बसली तर दोष सीडीचा नसेल. 2000 च्या आगेमागे बऱ्याच गेमवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने विंडोज 10 पासून काढून टाकला. आपल्याकडे बाजारातून आलेल्या चाळीस-पन्नास रुपयांच्या सीड्यांना कुलूप नव्हतं, हे खरं आहे आणि ते का नव्हतं हेही आपल्याला माहीत आहे. आता तुटलेलं कुलूप नेटवर शोधत फिरण्यापेक्षा जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर तो गेम आहे का बघा. 2008 पासून ते जुने गेम कुलूप काढून, नव्या विंडोजवर चालतील असे करून विकतात, सेलमध्ये स्वस्त मिळतात. 'क्रॅक' म्हणून जे उतरवाल त्यासोबत काय येतं ते मी रोज दुकानात साफ करतो.

राहिली टूम्ब रेडरची सीडी. 1996 चा तो गेम डॉसचा आहे, म्हणजे डॉसबॉक्स. पण त्याचं संगीत फाइलींमध्ये नाही. ते सीडीवर गाण्याच्या कॅसेटसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये आहे. फोल्डर कॉपी केला, किंवा आयएसओ, म्हणजे फक्त फाइलींची प्रतिमा, काढली, तर गेम येईल आणि गाणी मागे राहतील. सीडीची बिन-क्यू प्रतिमा, म्हणजे गाण्यांच्या ट्रॅकसकट अख्खी प्रत, काढा, इमजीबर्न हे मोफत साधन ते करतं. मग डॉसबॉक्समध्ये 'इमजीमाउंट डी', पुढे क्यू फाइलचा पत्ता, आणि 'वजा टी सीडीरॉम'. सीडी पुसायची तर मधून काठाकडे सरळ, गोल गोल नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेलच. यूएसबीचा एक माझ्याकडे आहे, आयडीईचं ॲडॉप्टरही आहे, दोन्ही घेऊन या. बाजाराचा दिवस तेवढा सोडून.